आधी त्यांच्या घरचा चहा घे

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणारी 24 वर्षांची आहे. वाढली नाशिकला, शरणपूर रोडच्या परिसरात. घर ख्रिस्ती, आई-वडील दोघंही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं नोकरी केली आणि एका ख्रिस्ती संस्थेमार्फत वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून केनियात, मोम्बासाजवळच्या एका शाळेत संगणक शिकवायला गेली. तिकिटासाठी मंडळीने वर्गणी काढली. एका विधवा आजींनी पेन्शनमधले दोन हजार दिले. निघायच्या आधीच्या रविवारी तिने उपासनेत साक्ष दिली, की हे देवाचं पाचारण आहे. आता तिथे आठ आठवडे झाले. शाळेतले निम्मे संगणक बंद, वीज सारखी जाते, तिथले शिक्षक तिच्यापेक्षा चांगलं इंग्रजी बोलतात आणि मुलं तिच्या स्वाहिलीला हसतात. ‘हे लोक गरीब, त्यांच्यावर भार नको’ म्हणून ती कुणाकडे जेवत नाही, खोलीवर खिचडी टाकते. रात्री रडते आणि घरी ‘मजेत आहे’ असं कळवते. ती विचारते: परत येऊ का? आले तर मंडळीला तोंड कसं दाखवू? आणि देवाने बोलावलं होतं, तर इतकं रडू का येतं?

प्रिय लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, पोरीला सरळ लिहावं, ये बाई परत. तिसऱ्यांदा वाचताना मात्र खिचडीच्या ओळीपाशी अडखळले. तू ती ओळ अगदी सहज लिहून पुढे गेली आहेस. मला वाटतं, तुझ्या दुखण्याचं मूळ तिथेच आहे. त्याकडे येते, पण आधी रडण्याबद्दल बोलू, कारण ते तुला जास्त छळतंय.

पाचारण असलं की मन शांत राहतं, हे तुला कुणी सांगितलं? आपल्या साक्षींमधून ते आपोआप आपल्या मनात बसतं, कारण साक्ष द्यायला उभं राहणारा माणूस सगळं पार पडल्यावरचं सांगतो. मधल्या रात्री त्यात येत नाहीत. पवित्र शास्त्रात त्या आहेत. एलीया आठव. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, आता मला मरण दे. त्यावर देवाने त्याला काय दिलं? उपदेश केला नाही, जाबही विचारला नाही. झोपू दिलं. मग देवदूताने हलवून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवलं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातलं. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न त्याला पुढे विचारला, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

म्हणून आठव्या आठवड्यात, अर्धपोटी, अर्धवट झोपेत ‘हे पाचारण होतं की नव्हतं’ याचा निकाल लावू नकोस. नवी हवा, नवं पाणी, कानावर अखंड परकी भाषा, याने शरीरसुद्धा थकतं. दिवसभर दुसऱ्या भाषेत ऐकून संध्याकाळी डोकं ठणकतं, ते ठणकणं खरं असतं. आठवडाभर रोज आठ तास झोप, दोन वेळा गरम जेव, आणि मग स्वतःला विचार की कालच्याइतकंच वाईट वाटतंय का.

आता खिचडी.

1980च्या दशकाच्या शेवटी मी नाशिक जिल्ह्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहात काम करत होते. तिथे जर्मनीहून एक मुलगी वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आली. तुझ्याच वयाची. कामाला वाघ. आल्या आल्या तिने ग्रंथालयाची पुस्तकं लावली, मुलींची वेळापत्रकं केली, भिंतींना चुना दिला. संध्याकाळी ती माझ्याबरोबर मागच्या वस्तीत घरभेटीला यायची. प्रत्येक घरी चहा पुढे यायचा, आणि प्रत्येक घरी ती छातीवर हात ठेवून हसून ‘नको’ म्हणायची. तिचा हिशेब साधा होता. ही माणसं रोजंदारीवर जगतात, माझ्यासाठी यांचं दूध-साखर का खर्ची घालायचं?

महिनाभराने एका म्हातारीने मला बाजूला घेतलं. खुरपणीने बोटं वाकडी झालेली बाई. म्हणाली, ‘का गं, हिलाबी आमचा कप चालत नाही व्हय?’

तुला या वाक्याचा अर्थ मी समजावायला नको. तिच्या लहानपणी गावात त्यांच्यासाठी कप वेगळा असायचा, कान तुटलेला, घराबाहेर वळचणीला खोचलेला. चहा वरून ओतायचे. ख्रिस्ती झाल्यावर आपण सगळे एका ताटात, हे तिने मनाशी घट्ट धरलं होतं. आणि आता ख्रिस्ताच्या नावाने सातासमुद्रापलीकडून आलेली मुलगी तिच्या हातचा चहा घेत नव्हती. मुलीच्या मनात दया होती. म्हातारीच्या दारात पोचला तो विटाळ.

मी मुलीला सांगितलं तेव्हा ती लालबुंद झाली, मग रडली. दुसऱ्या दिवशी एकटीच गेली, उंबऱ्यात बसली आणि तोडक्या मराठीत म्हणाली, ‘आजी, चहा.’ म्हातारीने चुलीवर चहा ठेवला, गूळ घातला, आणि बशीत ओतून कसा फुंकायचा तेही दाखवलं. पोरगी दोन बशा प्यायली. वस्तीत ती ‘आपली’ झाली ती त्या संध्याकाळी. पुढे मुली शनिवारी तिच्या डोक्याला तेल चोपडून वेण्या घालायच्या आणि ती गुपचूप बसून राहायची. तिने दिलेला चुना केव्हाच निघून गेला. बशीची गोष्ट मात्र त्या वस्तीत अजून सांगतात.

तू गेलीस तेव्हा तुझ्या मनात चित्र असं होतं की मी देणार आणि ते घेणार. त्यांना जे हवं होतं ते देता येईना, म्हणून तू निरुपयोगी. पण प्रभूने आपल्या शिष्यांना गावोगाव पाठवलं ते कसं, ते लूकच्या दहाव्या अध्यायात पुन्हा एकदा सावकाश वाच. पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. आणि ज्या घरी तुम्हाला घेतील तिथे जे पुढे वाढतील ते खा. त्याने त्यांना मुद्दाम रिकाम्या हाताने पाठवलं. पहिल्याच रात्री त्यांना कुणाच्या तरी दारात उभं राहून भाकरी मागावी लागली असेल. पाहुणा होणं हा त्या पाठवणीचाच भाग होता.

तेव्हा या आठवड्यात एक काम कर. शाळेत रोज भेटणारी एखादी शिक्षिका असेल, स्वयंपाकीणबाई असेल, तिला सांग, मला उगाली करायला शिकव. मक्याच्या पिठाची उकड शिजवता शिजवता घट्ट होत जाते, लाकडी चाटूने ती घोटायला मनगटात जोर लागतो. तुझी पहिली बिघडेल, त्या हसतील. हसू दे. बरोबर सुकुमा विकी ही पालेभाजी आणि कांदा-टोमॅटोची कचुंबर. तिला तिथेही कचुंबारीच म्हणतात. चपाती, चाय, पेसा, दुका, गारी हे शब्द ओळखीचे वाटतील. आपल्याकडचे खलाशी, व्यापारी, कारागीर शेकडो वर्षं त्या किनाऱ्यावर गेले, त्यांच्या या खुणा. मुलं तुझ्या स्वाहिलीला हसतात ना? मग त्यांनाच मास्तर कर. रोज पाच शब्द त्यांच्याकडून शिक, आणि चुकलीस की त्यांना फळ्यावर लिहू दे. थोरांना ‘शिकामू’ म्हण. हे नुसतं नमस्कार म्हणण्यासारखं नाही, त्यात वाकून केलेल्या नमस्काराचा मान आहे. आणि ‘पोले’ हा शब्द जपून ठेव. कुणी ठेचकाळलं, कुणी दमलं, कुणाच्या घरी कोणी गेलं, तर ते ‘पोले’ म्हणतात. चूक कुणाची हे त्यात येत नाही, तुझ्या त्रासात मी आहे एवढंच येतं. तुला आजवर कितीदा कुणी ‘पोले’ म्हणालं असेल आणि तुझ्या लक्षातही आलं नसेल.

आणखी एक. तू शरणपूरची आहेस, म्हणून हे सांगितल्यावाचून राहवत नाही. तुला माहीत असेलही, पण पत्रात त्याचा उल्लेख नाही. आपलं शरणपूर 1850च्या दशकात वसलं, आणि तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबांबरोबर आफ्रिकन मुलंही वाढली. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रजी आरमार पकडायचं, त्यांतून सोडवलेली ही पोरं मुंबईला उतरायची, आणि त्यांतली कित्येक नाशिकला यायची. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी आणि लोहारकाम शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी 1873 साली आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला तेव्हा त्याच्या सोबत्यांमध्ये तो होता. लिव्हिंग्स्टनचं हृदय झाडाखाली पुरलं तेव्हा प्रार्थना त्याने वाचली, झाडावर नाव त्याने कोरलं, शवाबरोबर इंग्लंडपर्यंत तो गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधल्या दफनविधीत तो शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये होता. नाशिकच्या शाळेतला विद्यार्थी.

आणि 1875च्या सुमारास शरणपूरच्याच विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने मोम्बासाच्या समोर, खाडीपलीकडे, सुटलेल्या गुलामांसाठी फ्रिअर टाउन वसवलं, तेव्हा नाशिकला वाढलेले हे आफ्रिकन लोक ते उभं करायला गेले. विचार कर, कसे गेले असतील. म्हणायला आपल्याच खंडात परतलेले, पण लहानपणीच उचलून नेलेले. तिथलं काही ओळखीचं नाही, आणि तिथल्या लोकांना हे ओळखीचे नाहीत. त्यांनाही पहिल्या आठवड्यांत परकं वाटलं असणार. तिथे एक घंटा आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांची गलबतं दिसली की वस्तीला सावध करायला ती वाजवायचे. त्या भागाचं नावच केंगेलेनी पडलं, कारण केंगेले म्हणजे घंटा. तुझ्या शाळेपासून फार लांब नसावी. एका रविवारी कुणाला तरी सोबत घेऊन जा आणि त्या माणसाला सांग, या गावाची काही माणसं आमच्या गावात लहानाची मोठी झाली. तिथे सांगण्यासारखं आपल्याकडे काही नाही, असं तुला वाटत असेल. हे आहे की.

आता परत यायचं की राहायचं.

काही बाबतींत एक दिवसही थांबू नकोस. तुझा पासपोर्ट संस्थेने ‘सांभाळायला’ म्हणून ठेवून घेतला असेल, तर तो आज माग. तो तुझ्याच कुलपात असला पाहिजे. कुणी अंगचटीला येत असेल, रात्री-बेरात्री बोलावत असेल, आजारी पडल्यावर दवाखान्यात न्यायला कुणी नसेल, तर पाचारणाचा प्रश्न बाजूला ठेवून निघ. मोम्बासात भारताचं सहायक उच्चायुक्तालय आहे, नैरोबीत उच्चायुक्तालय आहे. नाव नोंदवलं नसशील तर नोंदव. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही तक्रार करता येते. परवान्याची खात्री कर. केनियात जाण्यासाठी 2024 पासून व्हिसाऐवजी आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, पण तेवढ्यावर काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा नाही. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी तिथे वेगळ्या वर्गाचा परवाना असतो. तो कुणाच्या नावाने आणि कधीपर्यंतचा आहे, ते कागद डोळ्यांनी बघ. संस्था टाळाटाळ करत असेल तर ते तुझ्या रडण्यापेक्षा मोठं कारण आहे.

यातलं काही नसेल, तर माझं मत असं की आणखी सहा आठवडे दे. तारीख वहीत लिहून ठेव. त्या दिवसापर्यंत ‘जाऊ की राहू’ हा विचार रोज उगाळायचा नाही. मुख्याध्यापकांकडे जा आणि सरळ सांग: संगणक चालत नाहीत, मला काय करता येईल? मला वाटतं, ते याची वाट बघत असतील. पाहुण्या मुलीला कामाचं बोलायचं कसं, हा संकोच त्यांनाही असतो. तू कॉमर्सची आहेस. शाळेचे हिशेब, फीची नोंद, पावत्या, यांत तुझा हात नक्की लागेल. जे काम त्यांनी सांगितलं तेच कर, ते लहान वाटलं तरी.

सहा आठवड्यांनंतरही मन तिथे बसलं नाही, तर ये. शिव्याशाप देत येऊ नकोस आणि रात्रीत पळूनही येऊ नकोस. संस्थेला महिनाभर आधी सांग, मुलांचा नीट निरोप घे, उगालीवाल्या बाईच्या घरी जेवून ये.

मंडळीला तोंड कसं दाखवायचं? त्या आजींनी दोन हजार दिले ते तू यशस्वी व्हावीस म्हणून नव्हे. तू त्यांच्यासमोर लहानाची मोठी झालीस म्हणून दिले. आल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे जा, चहा घे, आणि जे झालं ते सांग. सगळ्या मंडळीसमोर पुन्हा साक्ष द्यायची घाई नको. कुणी विचारलंच तर सांग, मी तिथे काही महिने शिकायला होते. हे खोटं नाही. आणि दोन-चार तोंडं बोलतीलच. ती तू वर्षभर राहून आलीस तरी बोलली असती.

तुझ्या आईने निघताना म्हटलं होतं ना, ‘आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याला शाळा नाहीत का?’ तू ते टोमण्यासारखं लिहिलं आहेस. मला तो खरा प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर तू आईला अजून दिलेलं नाहीस. दूर गेल्याने सेवा मोठी होत नाही, आणि जवळ राहिल्याने लहानही होत नाही. दूर जाण्याचा एक फायदा मात्र आहे: तिथे तू पाहुणी असतेस, पाहुणेपण शिकावंच लागतं. सुरगाण्याच्या पाड्यावर तू शहरातली ताई म्हणून गेली असतीस आणि बहुधा आपला डबा घेऊन गेली असतीस. मोम्बासात चहा घ्यायला शिकलीस, तर पुढे पाड्यावरही घेशील.

तुझ्यासारखी तरुण मुलं-मुली आणि त्यांचे आई-वडील हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. परदेशी सेवेला जाण्याआधी संस्थेकडून लेखी घ्या: काम काय, राहायचं कुठे, आठवड्याची सुट्टी कोणती, आजारपणाचा आणि परतीचा खर्च कुणाचा. ‘देव बघेल’ हे तुमच्या तोंडी शोभतं, संस्थेच्या तोंडी नाही. केनियासारख्या देशात जाताना पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. लस घेतल्याचं पिवळं कार्ड परतीला जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. किनाऱ्यावर हिवताप आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला आणि मच्छरदाणीशिवाय झोपू नका. परत आल्यावर काही आठवड्यांनी जरी ताप आला, तरी डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की मी आफ्रिकेतून आलोय. मोम्बासाच्या किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे, तेव्हा कपडे आणि बोलणं त्या गावाला साजेल असं ठेवा. मुलांचे फोटो काढून इकडे पाठवू नका. आपल्या पोरांचे फोटो कुणी परदेशात ‘गरीब मुलं’ म्हणून दाखवले तर आपल्याला कसं वाटेल? आणि वेळ सांगताना नीट विचारून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, म्हणून ‘दोन वाजता ये’ म्हणजे कधीकधी सकाळी आठ असतं.

मंडळ्यांना एक विनंती. मुलाला पाठवताना हार घाला, पण त्याच दिवशी एक माणूस ठरवून द्या, ज्याला तो काहीही लिहू शकेल आणि जो ते इतरांना वाचून दाखवणार नाही. ‘मजेत आहे’ हे पोरं आपल्यासाठी लिहितात. आपण वर्गणी दिलेली असते, म्हणून ती आपल्याला खूश ठेवतात.

लेकी, तुझ्यासाठी तो माणूस आत्ता मी आहे, पण मी पुरणार नाही. तुझं रडणं आईला कळायला हवं. तिला त्रास होईल, रात्रभर झोप लागणार नाही, सकाळी पाळकसाहेबांकडे जाईल. जाऊ दे. आत्ता तिला नुसता हसरा फोटो मिळतो, आणि आयांना हसऱ्या फोटोंवर फार दिवस विश्वास बसत नाही.

तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडचे साडेआठ. आई जेवणाची भांडी आवरून बसलेली असेल. आज फोन कर. ‘मजेत आहे’ सोडून दुसऱ्या कुठल्याही शब्दाने सुरुवात कर. काही सुचलंच नाही तर तिला विचार, खिचडी सोडून एका शेगडीवर दुसरं काय करता येतं.

तुझी मावशी